यंत्र घ्यावें, पण केव्हां?

गेल्या चैत्रांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून घरांतील सर्व मंडळी ओसरीवर जमली होती आणि मध्यें पाटावर एक रंगीत पत्रक ठेविलें होतें. त्यांत एका यंत्राचें चित्र, चित्राखालीं त्याचे गुण आणि गुणांच्या खालीं, माझ्यासारख्यास चष्मा पुसून वाचावी लागेल इतक्या बारीक अक्षरांत, त्याची किंमत छापली होती : तीन लक्ष साठ हजार रुपये. दळणें, चाळणें, मोजणें, पिशवींत भरणें आणि पिशवीचें तोंड बंद करणें हीं पांचही कामें हें यंत्र एकटें करतें, असें चिरंजीव मोठ्या उत्साहानें सांगत होते.

हा प्रसंग आमच्यावर आला तो धाकट्या सूनबाईंच्या कर्तृत्वामुळें. नगर-सोलापूर रस्त्यावरचें आमचें मिरजगांव हें ज्वारीच्या मुलखांतलें, पावसाची सदा वाट पाहणारें गांव. केवळ शेतीच्या भरंवशावर येथें कोणी मोठे बेत करीत नाहीं. चार वर्षांपूर्वीं सूनबाईंनीं मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि गोडा मसाला असे तीन जिन्नस करून पुण्याच्या आप्तांकडे पाठविले. आप्तांनीं ते शेजाऱ्यांस चाखावयास दिले, शेजाऱ्यांनीं आणखी मागविले, आणि बघतां बघतां महिन्याला साठ किलो माल घरांतून बाहेर जाऊं लागला. मागणी याहूनही अधिक होती. पण ती पुरी करतां येईना. म्हणून यंत्राचा विचार निघाला. पैसा कोठून आणावयाचा हेंही चिरंजिवांनीं मनाशीं ठरविलें होतें. नातीच्या पुढील शिक्षणासाठीं मीं बँकेंत ठेविलेली ठेव मोडावयाची आणि उरलेल्या रकमेचें कर्ज काढावयाचें.

नव्वदीच्या घरांतल्या आमच्या मातोश्री भिंतीला टेकून सर्व ऐकत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, आमच्या जात्याला कधीं कुणी हप्ता भरला नव्हता." सर्वजण हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं, आणि त्याला कारण होतें.

निवृत्त झालों तेव्हां हातीं आलेल्या पैशांतून मीं छायाप्रती काढण्याचें एक यंत्र घेतलें होतें. रस्त्याला लागून आमचा एक गाळा आहे. शाळा जवळ, कचेरीचे कागद लोकांस नेहमींच लागतात. धंदा चालेल असें वाटलें आणि दोन महिने तो चाललाही. तिसऱ्या महिन्यांत आंतला एक भाग निकामी झाला. विकणाऱ्यानें आज पाठवितों, उद्यां पाठवितों असें करीत तीन महिने काढले आणि पुढें तो फोन उचलीनासा झाला. दुसऱ्या कोणाजवळ तो भाग मिळेना. मीं यंत्र घेतांना त्याचा वेग विचारला, कागदाचा खर्च विचारला, हमीचा कागदही नीट वाचला, पण "हें बिघडलें तर मिरजगांवांत कोण दुरुस्त करील?" हा एक प्रश्न विचारला नाहीं. ज्यानें जन्मभर मुलांना प्रश्न विचारले, त्याला स्वतःच्या पैशाच्या वेळीं प्रश्न सुचला नाहीं. तें यंत्र आज माजघरांत उभें आहे.

म्हणून त्या रात्रीं मीं होही म्हटलें नाहीं आणि नाहींही म्हटलें नाहीं. आठ दिवसांची मुदत मागून घेतली. या आठ दिवसांत आम्हांस जें उमगलें, तें घरगुती धंदा करणाऱ्या इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

माझी सारी हयात संस्कृत शिकविण्यांत गेली; त्यामुळें विचाराला वाट हवी झाली कीं माझें मन व्याकरणाकडे वळतें. पाणिनीनें करण या कारकाचें लक्षण सांगतांना, क्रियेच्या सिद्धीस जें सर्वांत अधिक उपकारक तें करण, असा अर्थ ठेविला आहे. नुसतें उपकारक नव्हे, तर सर्वांत अधिक उपकारक. आणि कर्त्याचें लक्षण सांगतांना तो स्वतंत्र असतो असें म्हटलें आहे. यांतून साधन विकत घेण्यापूर्वीं विचारावयाचे दोन प्रश्न आपोआप निघतात. पहिला असा कीं, माझी क्रिया कोणती आणि ती नेमकी कोठें अडते? दुसरा असा कीं, हें साधन घरांत आल्यावर कर्ता मीच राहीन, कीं साधन कर्ता होऊन मी त्याचें करण बनेन?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर विक्रेत्याजवळ नसतें. तें आपल्याच घरांत शोधावें लागतें. मीं सूनबाईंना एक कोरी वही दिली आणि म्हटलें, "आठ दिवस प्रत्येक कामास किती वेळ लागतो तेवढें यांत टिपून ठेव." त्यांनीं चौकटी आंखून वही काटेकोर भरली. आठवड्याच्या पंधरा किलो मालाचा हिशेब असा निघाला : धान्य व डाळी निवडण्यास चार तास, भाजण्यास पांच तास, गांवच्या गिरणीवर व कांडपावर जाऊन दळून आणण्यास दीड तास, चाळण्यास दोन तास, आणि वजन करून पिशव्या भरण्यास व मेणबत्तीच्या ज्योतीवर त्यांचीं तोंडें चिकटविण्यास दहा तास. शिवाय पत्ते लिहिणें, पार्सलें बांधणें आणि कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले हें आठवीत बसणें यांत चार तास जात होते ते निराळेच.

वही पाहून चिरंजीव गप्प झाले. ज्या दळण्यासाठीं साडेतीन लाखांचें यंत्र आणावयाचें, त्याला आठवड्यांत सारा दीड तास लागत होता. ज्यावर मेतकुटाची सारी चव अवलंबून, तें भाजण्याचें काम तर यंत्र करीतच नव्हतें. तें सूनबाईंच्या नाकावर आणि डोळ्यांवरच चालावयाचें होतें. अडत होतें तें मोजण्याशीं आणि पिशव्या बंद करण्याशीं. पावसाळ्यांत ज्या दहाबारा पिशव्या तोंड उघडून, माल सादळून परत आल्या होत्या, त्यांचेंही मूळ त्या मेणबत्तींतच होतें. भरणें आणि तोंड बंद करणें हीं कामेंही तें मोठें यंत्र करणार होतें हें खरें. पण तेवढ्यासाठीं सबंध यंत्र घेणें म्हणजे एका खोलीचें दार मोडलें म्हणून नवें घर बांधण्यासारखें होतें.

मग मीं पाटीवर हिशेब मांडला. वाचकांनींही आपापल्या यंत्राचा तो असाच मांडून पाहावा. ठेव मोडली काय नि कर्ज काढलें काय, पैशाला व्याज पडतेंच. सोयीसाठीं तें शेंकडा दहा धरलें. तीन लक्ष साठ हजारांचें वर्षाचें व्याज छत्तीस हजार, म्हणजे महिन्याला तीन हजार. यंत्र दहा वर्षें टिकेल असें उदारपणानें मानलें, तर झिजेचे आणखी तीन हजार. एक चिमूटभरही पीठ न दळतां महिन्याला सहा हजार रुपये गेले. गिरणीवर आम्हांस किलोमागें सरासरी तीस रुपये पडतात. साठ किलोंचे अठराशें होतात. म्हणजे केवळ दळणाच्या दृष्टीनें पाहिलें तर महिन्याला दोनशें किलो माल होऊं लागेपर्यंत तें यंत्र गिरणीपेक्षां महागच पडणार. विजेचा खर्च यांत धरलेला नाहीं. तीन अश्वशक्तीची मोटर पुऱ्या भारानें चालली तर तासाला निदान सव्वादोन युनिट वीज घेते.

चिरंजिवांनीं सरकारी अनुदानाचा मुद्दा काढला. तो विचारांत घेण्यासारखाच होता. केंद्र सरकारनें सन २०२० मध्यें लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं जी प्रधानमंत्री योजना सुरू केली, तिच्यांत मंजूर खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, अर्थसाहाय्य ठेविलें होतें. अशा योजनांनीं पुष्कळांचें कल्याण होतें, यांत शंका नाहीं. पण ३५ टक्के दुसऱ्याचे म्हणजे ६५ टक्के आपलेच, हें विसरूं नये. तितकी सूट मिळाली असें धरून पुन्हां हिशेब केला. आपले दोन लक्ष चौतीस हजार. व्याज आणि झीज मिळून महिन्याला तीन हजार नऊशें. म्हणजे एकशें तीस किलो. आमचे साठ. अनुदान हें ज्याला यंत्र हवेंच आहे त्याचें ओझें हलकें करतें; ज्याला तें नको आहे त्याला मात्र तें अकारण ओझ्याखालीं आणतें.

मग आम्हीं घेतलें काय? एक वजनकांटा आणि पिशव्यांचीं तोंडें बंद करण्याचें हातानें दाबावयाचें एक लहान यंत्र. दोन्हींचा खर्च मिळून दहा हजारांच्या आंत आला. पण यांतही निवड होतीच. दुकानदारानें प्रथम तीस किलोंचा कांटा दाखविला. मोठा कांटा, लहानही कामें करील, असें तो म्हणाला. कांट्याच्या पट्टीवर त्याची कमाल मर्यादा, किमान मर्यादा आणि त्याचा टप्पा हे तीन आंकडे लिहिलेले असतात; घेणाऱ्यानें ते वाचावे. त्या कांट्याचा टप्पा पांच ग्रॅमचा होता. म्हणजे आंकडा पांच-पांच ग्रॅमनें पुढें सरकणार, आणि पन्नास ग्रॅमच्या पुडींत अडीच ग्रॅमची चूक त्याला दिसणारही नाहीं. पन्नासांत अडीच म्हणजे शेंकडा पांच! दुकानांत सामान्यतः वापरावयाच्या या वर्गाच्या कांट्याची किमान मर्यादा टप्प्याच्या वीसपट असते. म्हणजे पांच ग्रॅमच्या टप्प्याच्या कांट्यावर शंभर ग्रॅमच्या आंतलें वजन करूंच नये. आमची निम्मी विक्री पन्नास ग्रॅमच्या पुड्यांची. आम्हीं एक ग्रॅमचा टप्पा असलेला लहान कांटा घेतला. असा कांटा वैधमापन खात्याकडून तपासून, मुद्रा उठवून घ्यावा लागतो आणि विजेरी कांट्याची ही तपासणी दर वर्षीं करावी लागते, हेंही विसरूं नये. गिऱ्हाइकाला ग्रॅमभर कमी गेला तर अप्रामाणिकपणा, ग्रॅमभर अधिक गेला तर तोटा. दोन्ही टाळणारें साधन तें खरें करण.

तोंड बंद करण्याच्या यंत्राचें वर्म त्याच्या साधेपणांत आहे. दाबलें कीं आंतली तार क्षणभर तापते आणि प्लास्टिकच्या दोन पदरांस जोडते. तार आणि तिच्यावरची पट्टी कांहीं काळानें जळते. पण ती थोड्या पैशांत मिळते आणि पेंचकस हातांत धरतां येणाऱ्या कोणालाही बदलतां येते. आम्हीं यंत्राबरोबर तारांचा व पट्ट्यांचा एक जादा जोड घेतला, आणि तार बदलण्याची रीत सूनबाईंनीं दुकानांतच स्वतः करून पाहिली. छायाप्रतींच्या यंत्रानें मला शिकविलेला धडा असा उशीरां का होईना, पण कामीं आला.

येथें कोणी म्हणेल कीं, गुरुजी यंत्रांच्या विरुद्ध आहेत. तसें मुळींच नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं सन १८८८ मध्यें बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. पुढें ते शेतीच्या अवजारांकडे वळले. त्यांच्या पहिल्या यंत्रांपैकीं एक कडबा कापण्याचें होतें. आमच्या भागांत याचें मोल सांगावयास नको. सबंध कडबा टाकला तर गुरें पानें खाऊन जाड बुडखे पायांखालीं तुडवितात. तोच बारीक कापून घातला तर वाया फार थोडा जातो. दुष्काळी मुलखांत ही केवढी बचत! सन १९०३ मध्यें त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती आणि नांगर पडून राहिले. काळ्या जमिनींत खोल गेलेली हरळी लांकडी नांगराला हटत नाहीं, हें दुःख मात्र प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतें. नांगर जमिनींत चालून दाखवूं लागला तेव्हां समजूत मागें पडली, आणि सन १९१० मध्यें औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. जुनें म्हणून कवटाळणारा आणि नवें म्हणून झडप घालणारा, दोघेही एकच चूक करतात. दोघेही साधनाकडे पाहतात. क्रियेकडे पाहत नाहींत.

दुसरें उदाहरण पापडांचें. मुंबईंत गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात गृहिणींनीं ऐशीं रुपये उसने घेऊन पापड करण्यास आरंभ केला. तीच पुढें लिज्जत या नांवानें देशभर पसरलेली संस्था. तिची व्यवस्था विचार करण्याजोगी आहे. पीठ केंद्रावर एकत्र मळलें जातें, म्हणजे मीठमसाल्याचें प्रमाण सर्वत्र एकच राहतें. आणि लाटण्याचें काम भगिनी तें पीठ घरीं नेऊन हातानें करतात, म्हणजे हजारों घरांत मिळकत पोंचते. पापड लाटण्याचीं यंत्रें बाजारांत नाहींत असें नाहीं. पण कोणतें काम एका ठिकाणीं मापानें व्हावें आणि कोणतें हातांसाठीं राखावें, हें त्या भगिनींनीं आधीं ठरविलें. आपल्या घरांतही हा विचार व्हावा. जें काम हात शिणवितें तें साधनाकडे द्यावें. ज्या कामामुळें आपल्या जिनसेला नांव आहे तें हातींच ठेवावें.

आतां दुसरा प्रश्न, कर्त्याच्या स्वातंत्र्याचा. पत्रकाच्या अगदीं शेवटीं लिहिलें होतें कीं, यंत्रास तीन फेजची वीज लागेल. आमच्या घरीं एक फेज आहे. म्हणजे नवी जोडणी आली, तिचा खर्च आला, आणि ती मिळेपर्यंत यंत्र झांकून ठेवणें आलें. यंत्र घेतांना वीज कोणती लागते, ती आपल्याकडे दिवसांतून किती वेळ असते, आणि ती गेली तर अर्धवट राहिलेल्या मालाचें काय होतें, हें प्रथम विचारावें. हिशेब ठेवण्याच्या सॉफ्टवेअरचेंही तसेंच. त्याची वर्गणी दर महिन्यास किंवा वर्षास भरावयाची असते. ती एखादे वर्षीं भरली नाहीं तर आपलींच जुनीं खातीं आपणांस पाहतां येतील काय, हा प्रश्न घेण्यापूर्वींच विचारावा. ज्याची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, ती तिजोरी आपली नव्हे. सूनबाई फोनवर हिशेब ठेवतात, पण दर महिन्याच्या अखेरीस त्याची प्रत साध्या कागदावर काढून वहींत चिकटवितात. उष्णतेनें उमटणाऱ्या बिलांच्या गुळगुळीत कागदावर विसंबूं नये. त्यावरचीं अक्षरें उन्हानें व काळानें उडून जातात.

या प्रश्नांत माझीही एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. सन २०१६ पासून यूपीआयनें पैसे देण्याघेण्याची सोय झाली आणि आतां आमच्या गांवांत भाजीवालीसुद्धां ती वापरते. पैसे आले कीं मोठ्यानें रक्कम सांगणारी एक लहान पेटी मिळते. तिच्यासाठीं बहुधा महिन्याचें भाडें द्यावें लागतें. सूनबाईंना ती हवी होती. मी म्हणालों, "पैसे आले कीं नाहीं हें फोनवर दिसतेंच, बोलक्या पेटीला भाडें कशास?" त्यानंतर थोड्याच दिवसांनीं घरांत कोणी नसतां एक गृहस्थ आले. दोन किलो मेतकूट घेतलें, पैसे पाठविल्याचें चित्र आपल्या फोनवर मला दाखविलें, आणि मीं माल दिला. रात्रीं पाहतों तों पैसे आलेच नव्हते. तें चित्र बनावट होतें. सूनबाई एक शब्दही बोलल्या नाहींत. सौभाग्यवतींनीं मात्र ऐकविलें, "अहो, मुलांच्या वह्या तपासतांना खोटी सही लगेच ओळखीत होतां ना?" दुसऱ्या दिवशीं मीं स्वतः सूनबाईंना म्हटलें, "ती पेटी मागवून घे. तुझें बरोबर होतें." माल देणारा डोळ्यांनीं अधू, फोन दुसऱ्याच्या खिशांत, आणि गिऱ्हाईक घाईंत असेल, तेथें ती पेटी चैन नव्हे, गरज आहे, कारण कर्ता कोण आहे हें पाहूनच करण निवडावयाचें असतें. आणखी एक गोष्ट घरांतील वडील मंडळींनीं पक्की ध्यानांत ठेवावी : पैसे घेण्यासाठीं आपला गुप्त आंकडा कधींच द्यावा लागत नाहीं, तो लागतो फक्त पैसे देतांना. "पैसे पाठवितों, आंकडा टाका" असें जो म्हणतो, तो पैसे देणारा नसून नेणारा असतो.

आतां वर्ष होत आलें. मोजण्या-भरण्याचे दहा तास साडेतीनांवर आले. शेजारच्या एक बाई आठवड्यांतून दोन दुपारीं मदतीस येतात आणि त्यांच्या संसारास हातभार लागतो. महिन्याचा माल साठांवरून नव्वद किलोंवर गेला, आणि या पावसाळ्यांत एकही पिशवी परत आली नाहीं. नातीची ठेव आहे तेथें आहे. त्या मोठ्या यंत्राचें पत्रक सूनबाईंनीं फेंकलें नाहीं, वहींत ठेविलें आहे आणि त्यावर पेन्सिलीनें लिहिलें आहे : "एकशें तीस किलो, सलग सहा महिने." तो दिवस आला तर हाच म्हातारा तीन फेजच्या विजेचा अर्ज स्वतःच्या हातानें लिहून देईल.

आणि वाचकांपैकीं कोणी माझ्या छायाप्रतींच्या यंत्राची चौकशी करतील, म्हणून सांगून ठेवतों. त्यावर हल्लीं मातोश्रींच्या लोणच्याच्या बरण्या असतात. उंची नेमकी आहे, उंदीर चढत नाहींत, आणि त्या कामापुरतें तें उत्तम करण ठरलें आहे. मात्र बरण्या ठेवण्यासाठीं एखादें फडताळ फारच स्वस्तांत मिळालें असतें.